डबल स्पीडचा इतिहास

परीक्षक शेजारच्या मंडळाच्या मांडवात होते आणि आमचे अध्यक्ष दत्ताशेठ मला सांगत होते, "साहेब, इतिहास जरा फास्ट करा."

मी हलत्या देखाव्यांचा मेकॅनिक. गणपतीत मूर्ती मान हलवतात, हात उचलतात, ते काम माझं. विश्रांतवाडीच्या या मंडळाने त्या वर्षी विषय घेतला होता, 'जगाला कलाटणी देणाऱ्या घटना'. जर्मनीतला धर्मगुरू चर्चच्या दारावर आपली तक्रार ठोकतो. इंग्लंडमध्ये वाफेचं इंजिन सुरू होतं. फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडतं. शेवटी बर्लिनची भिंत पडते.

मूर्ती अर्थात जुन्याच. धर्मगुरू म्हणजे गेल्या वर्षीचे विश्वामित्र, कमंडलू काढून हातोडा दिलेला. फ्रान्सचा राजा म्हणजे कंस.

"शेठ, याच्या कानात कुंडलं आहेत हो."

"ऱ्हाऊ द्या. जुलमी त्यो जुलमी."

चारही सीन एकाच मोटरवर होते. मोटर एक दांडा फिरवते, दांड्यावर वाकड्या चकत्या असतात. त्यांना कॅम म्हणतात. चकतीचा फुगवटा वर आला की त्याच्यावरची मूर्ती हलते. फेरी संपली की भिंत आपोआप उभी, मुंडकं जागेवर. बरोबर निवेदनाची टेप. दोन्ही जुळवता जुळवता माझा जीव मेटाकुटीला आला होता.

आता मधेच घाई, कारण परीक्षकांना उशीर झालेला. आणि शेठनी पहिल्याच दिवशी माइकवरून सांगून टाकलेलं, "पहिला नंबर नाय आला तर मिशी उतरवीन." मिशी साधीसुधी नव्हती, पार कल्ल्यांना भिडलेली. वहिनी आतून नवस बोलत होत्या म्हणे. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

मी मोटरवर मोठी पुली चढवली. स्पीड डबल. साउंडवाले अन्वरभाई म्हणाले, "टेप फास्ट नाही होणार. उंदराचा आवाज येईल."

"चालू द्या तशीच!" शेठ म्हणाले, तोवर परीक्षक आत. त्यांत इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या.

निवेदन सुरू झालं, "धर्मगुरू शांतपणे दाराजवळ आले..." विश्वामित्र सुतारासारखे धडाधड ठोकत सुटले. "इंजिनामुळे कामगारांना रोजगार मिळाला..." कंसाचं मुंडकं उडालं. "संतप्त जनतेने राजाला खाली खेचलं..." इथे देखाव्याची दुसरी फेरी लागली आणि विश्वामित्र पुन्हा कामाला. आणि शेवटी अन्वरभाईंच्या टेपमधून गंभीर आवाज आला, "अखेर ती भिंत कोसळली!"

भिंत सावकाश उठून उभी राहिली.

गर्दी हसून हसून लोळली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी चष्मा पुसला. "इतिहासाची पुनरावृत्ती होते, असं मी पस्तीस वर्षं शिकवलं. पाहिली आज."

"आभारी हाय," शेठ म्हणाले.

निकाल लागला. ऐतिहासिक देखाव्यांत आमचं नाव उत्तेजनार्थसुद्धा नव्हतं. विनोदी देखाव्यांत पहिला नंबर.

"पयला म्हंजे पयलाच!" शेठनी मिशीला पीळ दिला आणि ढाल घेतली. पण चौकात जो भेटेल तो आधी मिशीकडे बघे आणि मग फिसकन हसे. शेवटी दिवाळीच्या आत त्यांनी ती स्वतःच जाऊन उतरवली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. अध्यक्ष मांडवात असताना पुलीला हात लावायचा नाही.