चार मोजून

रविवार, सकाळी नऊ. हजर: मी, माझा नवरा विनय आणि त्याचा मोबाइल.

विनय ऑनलाइन पोकर खेळतो. पानं उत्तम असोत की भिकार, प्रत्येक वेळी मनात चार मोजूनच बटण दाबतो. "घाई किंवा उशीर झाला की समोरचा आपल्याला ओळखतो, बाईसाहेब. हे कुणी शिकतच नाही."

आता तो घरातही तसाच बोलतो. माणूस उत्तराआधी जरा अडखळतो, तिथेच तर आपल्याला सापडतो. इतक्या वर्षांत मी विनयला तिथेच ओळखत आले.

आठवडाभर ऑफिसचे शर्ट धुवायला पडले नाहीत. मी विचारलं, "नोकरी सोडलीस का रे?"

त्याने चार मोजले. "नाही गं."

मला काहीच कळलं नाही. ऑफिसात फोन करून विचारायचं, हे माझ्या कामांच्या यादीत आहे. अजून केलेला नाही.