दाताखालचा दाणा

लातूरच्या ज्या तेलमिलमध्ये मी वजनकाट्यावर बसतो, तिथल्या शेठचा मालातला ओलावा मोजायच्या यंत्रावर भरवसा नाही. ते सोयाबीनचा दाणा दाताखाली धरतात. कट् आवाज आला तरच माल घेतात.

परवा त्यांचा मुंबईचा जावई म्हणाला, "मामा, मिल बंदरावर हलवा. परदेशातलं कच्चं सोयातेल जहाजातून थेट टाकीत येईल, ट्रकभाडं वाचेल."

"हाव, समदं खरं हाय," म्हणत शेठ उठले, कारण फाटकात अहमदपूरचा ट्रॅक्टर आला होता. दाणा चावून ते ओरडले, "लई ओला हाय!"

शेतकरी भडकला. त्यानं दुसऱ्या पोत्यातला दाणा शेठच्या तोंडातच कोंबला. कट्!

शेठ खुशीत जावयाकडे वळले. "जावईबापू, मिल हितंच राहील. तिथं काय मी जहाजाशी भांडू?"