पॅकिंगवाले शिवदास आणि पोरीचा लॅपटॉप

लग्न झाल्यापासून आमच्या ह्यांच्याशी माझं एकच भांडण चालू आहे, प्लास्टिकचं. सोफा आणला, प्लास्टिक काढायचं नाही. फ्रिज आणला, दाराचं प्लास्टिक काढायचं नाही. मे महिन्यात सोफ्यावरून उठताना मांडीचं कातडं तिथंच राहिल्यासारखं वाटतं, पण हे म्हणणार, "राहू दे ना कमल, नवा राहतो." नवा राहतो म्हणे, डोंबल! टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, गॅसचं पुस्तक प्लास्टिकमध्ये, देव्हारा असता तर तोही गुंडाळला असता, बरं झालं आम्ही बौद्ध. दहिसरहून माझी मोठी जाऊ आली की म्हणते, "कमल, तुला तेवढं गुंडाळायचं राहिलं गं." मी हसते, पण आतून चिडलेली असते.

ह्यांचं नाव शिवदास. मेहकरकडच्या खेड्यातून मोठ्या भावाबरोबर मुंबईला आले, दहिसरच्या चाळीत भावाकडेच राहिले, आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका पॅकिंगच्या गाळ्यात हमाल म्हणून लागले. तिथं कोणीतरी हातात गरम हवेची गन दिली आणि माणूस ओळखू येईनासा झाला. बाटली द्या, डबा द्या, मशीनचा वाकडातिकडा पार्ट द्या, हे त्याच्यावर फिल्म टाकणार, गन फिरवणार, आणि फिल्म आकसून अशी बसणार की नखाला कड सापडायची नाही. आता तिथले सुपरवायझर आहेत. तरी अवघड माल आला की स्वतःच उभे राहतात.

हा नाद कुठून आला तेही मला माहितेय. गावचं घर गळकं होतं. दहावीच्या वर्षी अर्धी पुस्तकं भिजून त्यांचा लगदा झाला, तर ह्यांनी खताच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक धुऊन उरलेली पुस्तकं त्यात बांधली आणि तेवढ्यावर परीक्षा दिली. म्हणून मी भांडते खूप, पण हात घालून फाडलं मात्र कधी नाही.

बाकी माणूस म्हणजे गरीब गाय. रिक्षावाल्यानं लांबून नेलं तरी हे गप्प. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून चहा पिऊन घरी येणार. आमच्या घरी भांडायचं खातं माझ्याकडे. पोळीभाजीचे डबे करते मी, दिवसभर दहा लोकांशी डोकं लावावं लागतं, त्यामुळे सवय आहे.

तर आमची एकुलती एक पोरगी, संघमित्रा. ॲनिमेशनचा कोर्स केला तिनं. कोर्स संपला आणि एक दिवस मला म्हणते, "मम्मी, मला गेमिंग लॅपटॉप लागेल."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. "गेम? अगं घोडी झालीस! लोकांच्या पोरी नोकऱ्या करतायत, आणि तू गेम खेळणार?"

"खेळायचा नाही गं, बनवायचा! अंधेरीला एक स्टुडिओ आहे, गेम बनवणारा. त्यांनी टेस्ट दिलीय. एक जागा उभी करायची, खेळणारा जिच्यातून चालत जाईल अशी. आवडली तर नोकरी. आणि ते काम साध्या लॅपटॉपला झेपतच नाही."

मी आ वासून बघत राहिले. खेळ बनवायचे पगार देतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. हे मात्र लगेच म्हणाले, "घेऊ या." बोनस आला होता, डब्यांचे थोडे माझ्याकडे होते. झालं.

दहिसरच्या जाऊबाईंचा विशाल, म्हणजे आमचा पुतण्या, कंप्युटरमधला. त्याला घेऊन आम्ही सगळे बोरीवली वेस्टच्या दुकानात गेलो. तिथल्या हर्षद नावाच्या माणसानं आधी एक पातळ, चंदेरी लॅपटॉप दाखवला. मला तोच आवडला. विशाल म्हणाला, "काकू, दिसण्यावर जाऊ नको. तो हिच्या कामाला दमेल." मग त्यानं मधल्या किमतीतला एक काढायला लावला. काळा, जाडजूड, बटणांखाली लाल दिवे, जत्रेतल्या पाळण्यासारखे. संघमित्रानं तिथंच उभं राहून तासभर त्याची उलटतपासणी घेतली.

"ग्राफिक्स कार्ड झकास आहे," ती म्हणाली. "पण रंग जरा फिके दिसतात यार."

"ह्या किमतीत एवढं चालवून घ्यावं लागतं," विशाल म्हणाला. "बॅटरी पण बोगस आहे, चार्जर काढला की गेलाच. आणि चार्जर बघ, वीट आहे वीट! कॅमेऱ्यात तर तू भुतासारखी दिसशील. पण दम आहे ह्याच्यात. आत मेमरीची एक जागा रिकामी आहे, उद्या वाढवता येईल. ह्याच्या वर जायचं तर डबल पैसे, आणि खाली गेलीस तर रडत बसशील."

"गरम होतो का हो?" मी विचारलं. मला आपलं मिक्सरवरून सुचलं.

"काम करताना होतो थोडा, मावशी," हर्षद म्हणाला. "पंखे आहेत दोन, मस्त चालतात. काही झालंच तर पंधरा दिवसांत घेऊन या, बदलून देतो."

घरी आला आणि पोरगी त्याच्यासमोरून हलेना. तिनं काय बनवायला घेतलं असेल? आमच्या चारकोपच्या सेक्टरमधली मार्केटची गल्ली! स्क्रीनमध्ये बघितलं आणि मी किंचाळलेच. मासळीवालीची पाटी, पाववाल्याची सायकल, गटारावरची हललेली लादी, सगळं जसंच्या तसं. ती बोट फिरवायची आणि आम्ही त्या गल्लीतून चालायचो. हे तर बघून बघून दमले नाहीत. "हिनं डोक्यात कधी साठवलं गं हे?" मला विचारत होते.

मग रविवारी आम्ही मायलेकी दहिसरला बारशाला गेलो. परत आलो तर हे दारातच, चेहरा खुललेला. लॅपटॉपच्या झाकणावर फिल्म! एक बुडबुडा नाही, कोपरा उचललेला नाही.

"पप्पा! विचारायचं तरी," संघमित्रा म्हणाली. मग हात फिरवून बघितला आणि हसली. "पण सॉलिड बसलीय हां. दुकानात ह्याचे पैसे घेतात." ह्यांना तेवढं पुरे झालं.

आणि दुसऱ्या दिवसापासून वाट लागली.

आधी पंखे ओरडायला लागले. ओरडायला म्हणजे कसे, प्रेशर कुकरची शिट्टी अडकल्यासारखे. मग ती गल्ली चालेनाशी झाली, पाऊल उचललं की अडकायचं. मी बटणांवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. तवा! शेवटी तर काम चालू असताना स्क्रीन फट्कन काळी. पोरगी "आई गं!" म्हणून ओरडली, मला वाटलं शॉक बसला. परत चालू करायचा, परत गरम, परत काळी. टेस्टसाठी त्या गल्लीतून चालतानाची फिल्म, म्हणजे व्हिडिओ, काढायला घेतली की हमखास मध्येच बंद. आणि ती फिल्म शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पाठवायची होती. नाही गेली तर टेस्ट बाद, एवढं स्वच्छ लिहिलं होतं त्यांनी.

विशाल आला. त्यानं आत काय काय तपासलं, उलटा करून बघितला. काळा तळ, रबरी पाय, कंपनीचं लेबल, सगळं ठीक. "काकू, ह्याचे सगळे रिव्ह्यू मी बघितलेत. गरम होतो अशी तक्रार कोणाचीच नाही. आपल्या गळ्यात डिफेक्टिव्ह पीस मारलाय."

संघमित्रा भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. हे तिच्या उशाशी बसून राहिले, आणि शुक्रवारी दुपारी गाळ्यातून रजा टाकून आले आणि म्हणाले, "चला. बदलून घेऊ." विशाललाही बोलावून घेतलं.

दुकानात काय झालं ते सांगितलं तर आमच्या सोसायटीत कोणी विश्वास ठेवणार नाही. मी पदर खोचून तयार होते, भांडायचं खातं माझं. पण माझ्याआधी हेच! काउंटरवर हात आपटला. रिक्षावाल्याला एक शब्द न बोलणारा माणूस भर दुकानात ओरडला, "माझ्या पोरीच्या नोकरीशी खेळताय तुम्ही! खराब माल देता? पॅकिंग करतो आम्ही मालाचं, माल कळतो आम्हाला!" गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी थिजले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसाचा एवढा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

हर्षद बिचारा म्हणाला, "काका, शांत व्हा, बघतो मी." त्यानं लॅपटॉप उलटा केला. दिव्याखाली तिरपा धरला. मग त्याचा हात थांबला. त्यानं एका कोपऱ्याला नख लावलं, पुन्हा लावलं, ब्लेड मागवलं, आणि एक काळं पातळ कातडं सर्रकन सोलून काढलं. खाली जाळी होती. मोठी, रुंद, हाताच्या पंजाएवढी.

"ही बंद होती!" हर्षद ओरडला. "इथूनच थंड हवा आत जाते. ही बंद म्हणजे मशीन तापणारच ना! कोणी लावलं हे? पायांभोवती कापलंय, स्क्रूभोवती कापलंय, लेबल सोडलंय... मला पण पहिल्यांदा दिसलं नाही."

असं काम मुंबईत एकच माणूस करतो, आणि तो माझ्या शेजारी उभा होता.

हर्षद विचार करत म्हणाला, "गोडाऊनमध्ये कोणीतरी लावलं असणार. एवढे दिवस तापलाय, आत काही बिघडलं असेल तर आज कळणार पण नाही. एक काम करतो, नवीन देतो. चूक आमचीच."

विशालनं माझ्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. डोळ्यानंच म्हणाला, काकू, गप्प. आणि खरं सांगते, मी गप्पच बसले असते. पोरीचं भलं होत होतं, कोणाला कळणार होतं?

"गोडाऊनमध्ये नाही," हे म्हणाले. मघाचा आवाज कुठं गेला कोण जाणे. "मी लावलंय. खालून धूळ जाईल, झुरळं जातील म्हणून. आमच्या घरी मिक्सरमध्ये जातात."

मला तर ह्यांना दंडाला धरून बाहेर ओढावंसं वाटलं. अहो, देत होता ना तो नवीन!

"पप्पा..." संघमित्राचा आवाज फाटला. "तुम्ही? अहो, चार दिवस मी... मला वाटलं माझंच काही चुकतंय! माझं काम गेलं असतं पप्पा!"

ह्यांनी मान वर केली नाही. हातात ते काळं कातडं होतं, त्याची घडी घालत बसले. घडी घालण्यासारखं काय होतं त्यात?

"काका, मग बदलून नाही देता येणार," हर्षद हळूच म्हणाला.

"नको देऊ. फक्त ती वायर लावू दे. पाच वाजत आलेत."

हर्षदनं चार्जर लावला, काउंटर मोकळा केला. संघमित्रानं डोळे पुसले, बसली, आणि गल्ली उघडली. आम्ही चौघंही श्वास धरून. चालली! पाववाल्याच्या सायकलीशेजारून सरळ गेली, कुठं अडकली नाही. तिनं फिल्म काढायला लावली, स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू भरायला लागली, आणि तिनं हात मांडीवर घेतले. आता बघत बसण्याशिवाय काम नव्हतं.

तेवढ्यात हे पुढं झाले. दोन्ही बाजूंनी कडेला बोटं घातली आणि ते जड धूड काउंटरवरून वीतभर वर उचलून धरलं.

"अहो, काय करताय?" मी दचकलेच.

"खालून हवा जाऊ दे."

"काका, त्याला पाय आहेत, खाली ठेवला तरी जाते," हर्षद म्हणाला. "स्टँड देऊ का?"

ह्यांना ऐकूच गेलं नाही. हात थरथरायला लागले. कपाळावरून घाम नाकावर आला, पुसायला हात कुठं होता? मी पदरानं पुसला. विशाल म्हणाला, "काका, मी धरतो." नाही. गिऱ्हाइकं येत होती, हेडफोन घेत होती, ह्या माणसाकडे बघत होती आणि जात होती. आणि एवढा वेळ गाल फुगवून बसलेली माझी पोरगी त्या थरथरणाऱ्या हातांकडे बघत राहिली, स्क्रीनकडे तिचं लक्षच नव्हतं. मीच ओरडले, "अगं, ती पट्टी भरली बघ!"

फिल्म पूर्ण झाली होती. तिनं पाठवली. सहाला थोडा वेळ होता. समोरून 'मिळाली' असं आलं, ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"पप्पा, गेली. ठेवा खाली."

ह्यांनी आधी हर्षदकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ठेवू? नक्की चालेल?"

संघमित्रा उठली आणि त्यांच्या हाताखाली तिनं आपले हात घातले.