फळीवरचा पेला

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. तीस वर्षं लातूरचे खांब चढलो, पण एकाही खांबावर भूत भेटलं नाही. कुणी असल्या गोष्टी सांगायला लागलं की मीच पहिला हसायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते...

माझी बायको किल्लारीकडची. भूकंपात तिची आई आणि भाऊ झोपेतच गेले. तेव्हापासून आमच्या फळीवर उपडा तांब्या आणि त्यावर उपडा पेला. जमीन हलली की पेला पडणार, आणि तो पडला की हातातलं टाकून अंगणात पळायचं — हा घरचा कायदा.

ती गेली आणि दुसऱ्याच महिन्यात मी तिची खोली कोचिंगच्या पोरींना भाड्याने दिली. घर खायला उठायचं हो! पण आमच्या लेकीला, सुनंदाला, ते फार लागलं. नांदेडला सासरी गेली ती बोलायचीच बंद झाली. पहिलं बाळंतपण, तरी माहेरी आली नाही.

मग एक दिवस जावयाचा फोन. "अप्पा, नातू झाला. रविवारी चारला कॉम्प्युटरवर दाखवतो. ती बोलणार न्हाई म्हणून राहिली... बाळ तेवढं बघा."

रविवारी साडेतीनपासून नेट बंद! पोरी परीक्षा देऊन गावी गेलेल्या, घरात मी एकटा. राऊटर बंद-चालू केला, वायर बदलली, पासवर्ड परत टाकला. दिवा नुसता लुकलुकत राहिला. बाहेरचा जोड बघायचं सुचलंच नाही — तो मी स्वतःच्या हाताने मारलेला, त्याच्यावर शंका कशी घेणार? चार वाजून गेले. खरं सांगतो, तिथंच बसून रडलो.

आणि पेला पडला.

सवयीने अंगणात पळालो. जमीन स्थिर. शेजारच्या बाई निवांत गहू निवडत बसलेल्या. वर बघितलं तर पोरींनी कपडे वाळवायची दोरी माझ्या वायरीलाच बांधलेली, आणि जोड सुटून लोंबतोय. तारा पिळून बसवल्या. आत आलो तोवर कॉल वाजत होता.

पडद्यावर बाळ नाही, सुनंदाच. घाबरीघुबरी.

"अप्पा! बाहेर निघालात का तुमी? हितं आत्ता पेला पडला... मला वाटलं लातूरला हललं!"

तिनेही आईसारखाच तांब्या-पेला मांडलाय, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी कुठेही धक्का बसला नव्हता. पेपरात नाही, शेजारी कुणाला जाणवलं नाही. वारा म्हणा, मांजर म्हणा... एका घरात ठीक आहे. पण दोन गावांत, एकाच वेळी? अजून मला काही उलगडलेलं नाही.

नंतर बाळ दाखवताना तिने हळूच विचारलं, "आईची खोली?"

"रिकामी हाय," म्हणालो.

जूनमध्ये नव्या पोरी खोली विचारायला आल्या. एकटं राहणं अजूनही जमत नाही मला, तरी त्यांना नाही म्हणालो. तिथं आता पाळणा टांगलाय.