चाळणीची भोकं

आमच्या वरच्या मजल्यावरची शेजारीण कुठलीच गोष्ट ठामपणे सांगत नाही. लाईट आली का विचारलं, तरी म्हणते, "आली असावी, दादा."

लांबच्या डोंगरावरच्या दुर्बिणीचे फोटो ती लॅपटॉपवर निवडते. अवकाशातून आलेला गॅमा किरण हवेत शिरला की क्षणभर निळा उजेड पडतो. फोटोत त्याचा डाग बारीक, लांबट दिसतो आणि इतर कणांचा पसरट, फाटका. डाळीतले खडे निवडावेत तसंच हे काम, फक्त इथं खडेच फार.

मागे जिन्यात ती म्हणाली, "आकाशातल्या एका नव्या जागेहून किरण येत असावेत." मी उतावळा. त्यातलं 'असावेत' गाळून बेलापूर गावभर बातमी केली, सत्कार ठरवला, फ्लेक्सही लावला. मनात खुपत होतं, पण तिला विचारलं नाही.

सत्काराला शाल अंगावर पडायच्या आधीच तिने माईक घेतला.

"किती बारीक डाग घ्यायचा, हे मी डाग बघूनच ठरवलं होतं. दाणे बघून, हवे ते उरतील अशी चाळणीची भोकं पाडली म्हणा ना. काल आधी चाळणी ठरवली आणि नवे फोटो चाळले. काही उरलं नाही."

"म्हंजी तुमाला काय सापडलंच न्हाई?" सरपंचांनी विचारलं.

"नाही."

इतकं ठाम मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं. फ्लेक्सकडे बघवेना. नारळ माझ्याच हातात होता.

"मग याचं काय करायचं?" मी पुटपुटलो.

"गोड असावा, दादा. फोडा."