शेवटचं पान परवा

ऑपरेटरबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली, आणि निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांच्या किडन्यांनी हात वर केले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, सकाळी सातला, त्या डायलिसिसच्या खोलीत यायच्या. आधी वजनकाट्यावर उभं राहायचं, मग पलंगावर पडून हातात दोन सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास छताकडे बघायचं. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. कुणी कीव करायला लागलं की बाई म्हणायच्या, "बरंय की, माझ्या नावानं खडे फोडायलाही कुणी नाही."

छताला कंटाळून एके दिवशी त्यांनी फुटपाथवरून एक जुनं पुस्तक आणलं. चौदा भयकथा. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई, डोळे बटाट्याएवढे. सिस्टर वैतागल्या.

"अहो, पेशंटांच्या खोलीत भुतंखेतं कसली वाचता?"

"सिस्टर, आम्ही स्वतःचं रक्त नळीतून फिरताना बघतो. इथे यायला भूतच घाबरेल."

पण वाचायचं कसं? सुया उजव्या हातात, तो हलवायची सोय नाही. डाव्या हातात पुस्तक धरलं की पान उलटायला हात उरेना. डावीकडच्या पलंगावर एक म्हातारा ड्रायव्हर असायचा, चाळीस वर्षं ट्रक चालवलेला. त्याच्या सुया डाव्या हातात, उजवा मोकळा. टेक्निशियननं दोन्ही पलंग जवळ सरकवले. बाईंनी पुस्तक धरून मोठ्यानं वाचायचं आणि ड्रायव्हरनं पान उलटायचं, असं ठरून गेलं. दोन पलंग मिळून एक धड माणूस झाला, असं सगळे चिडवायचे.

बाईंचा आवाज खणखणीत. बाकीचे चार पलंगही कान टवकारून ऐकायचे. कुणाचं प्रेशर घसरलं की टेक्निशियन सलाईन लावता लावता ओरडायचा, "बाई, भूत आणा लवकर!"

पुस्तक निम्मं झालं तेव्हा ड्रायव्हरच्या मुलीनं बाईंना वजनकाट्यापाशी गाठलं. बापाचं हृदयही आता थकलं होतं आणि तो डायलिसिस बंद करा म्हणत होता. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. बंद केलं तर थोडेच दिवस, पण निर्णय त्याचा, असं ते म्हणाले होते.

"मावशी, माझं ऐकतच नाहीत हो. पण गोष्ट अर्धी राहिली की म्हणतात, परवा जायला हवं. तुम्ही शेवट वाचूच नका ना." बोलता बोलता ती रडायला लागली.

बाईंनी शब्द दिला. त्या दिवसापासून दर गोष्टीचं शेवटचं पान राहायला लागलं. "घसा बसला, परवा बघू." पुढच्या खेपेला शेवट वाचायचा आणि लगेच नवी गोष्ट काढायची, तीही थोडी थोडी, तीन-चार खेपा पुरेल अशी. ड्रायव्हर चडफडायचा, पण यायचा. बाईंना आपल्या हुशारीचं कौतुक वाटायचं. खरं सांगायचं तर त्यांनाही त्याची सवय झाली होती. खोलीत शिरल्यावर त्या आधी त्याचा पलंग बघायच्या, मग वजनकाटा.

दोन महिन्यांनी चौदावी गोष्ट निघाली. एका घराच्या मागच्या खोलीतून रोज संध्याकाळी कुणीतरी दार ठोठावतं. घरातली सून घाबरून एकावर एक कड्या लावत सुटते. कड्या संपतात, ठोठावणं थांबत नाही. बाई नेमक्या तिथे थांबल्या.

"घसा जरा..."

"काही धाड भरलेली नाही घशाला," ड्रायव्हर म्हणाला. "पोरीनं सांगितलं ना तुम्हाला? पहिल्या खेपेलाच ओळखलं मी. चाळीस वर्षं नाक्यानाक्यावर थापा ऐकल्यात."

बाई ओशाळल्या. "मग येत का राहिलात?"

"तिच्यासाठी. थोडा तुमच्यासाठी पण. पण आता नाही होत, बाई. इथून गेलो की दुसरा दिवस नुसता पडून जातो, आणि जरा उठून बसावं तर परत यायची वेळ. परवा मी येणार नाही. वाचा शेवट."

बाईंना राग आला. पुस्तक त्याच्या अंगावर फेकावं, इतका राग आला. मग लाज वाटली. एक्स्चेंजमध्ये त्यांनी कधी कुणाचं बोलणं मध्ये तोडलं नव्हतं, आणि इथे एका दमलेल्या माणसाचं म्हणणं दोन महिने त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. त्यांनी पुस्तक नीट धरलं. ड्रायव्हरनं पान उलटलं.

मागच्या खोलीत मेलेल्या सासूचा जीव अडकलेला होता. तिला घरात शिरायचं नव्हतंच. तिला बाहेर पडायचं होतं.

"घ्या," ड्रायव्हर हसला. "बिचारी निघालेली, आणि ही शहाणी कड्या लावत बसली."

त्या दिवशी जाताना तो बाकीच्या पाचही पलंगांपाशी थांबत गेला. नऊ दिवसांनी घरी, झोपेतच गेला.

पंधरवड्यानंतर त्याची मुलगी आली. डोळे सुजलेले. बाईंच्या पलंगाशेजारी उभी राहून म्हणाली, "तुम्ही शेवट वाचलात."

"हो."

"मी हात जोडले होते तुमच्यापुढे."

"जोडले होतेस. म्हणून दोन महिने तो आला, पोरी. पण ते दिवस त्याचे नव्हते गं. तुझे नि माझे होते. त्याला मोकळं व्हायचं होतं."

मुलगी स्टुलावर बसली आणि तोंडाला ओढणी लावून रडली. मग म्हणाली, "मला कळतं ते, मावशी. पण मला त्यांची सुटका नको होती. मला बाबा हवे होते."

बाईंना तरी दुसरं काय हवं होतं?