चमचा कोरणाऱ्या पोराला मी केलेली मदत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे पुढे माझं मलाच हसू येत नाही. मूर्खपणा माझा, आणि वय बहात्तर. लहानपणी केला असता तर कोणी कान पिळला असता. आता कान पिळणारे सगळे वर गेले, म्हणून कागदावर लिहितो.

मी चौथीपर्यंत शिकलो. आमचा पणजोबा संस्थानच्या फौजेत होता म्हणतात. माझ्या वाट्याला तलवारीऐवजी करवत आली. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये चाळीस वर्षं मशिनांसाठी लाकडी खोकी ठोकली. जवळच तरसालीत घर बांधलं, लहानच आहे, पण मागे बसायला ओटा आहे. शेडमधले लोक मला पाठीमागे 'कानस' म्हणायचे, दिसेल त्याला घासतो म्हणून. मला ठाऊक होतं. खोटं नव्हतं.

वरच्या खोलीत आमचा महेश असतो. तो कॉम्प्युटरवर काम करतो. नक्की काय काम, ते त्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. सकाळी नऊला कानात बोंडं घालून बसतो आणि भिंतीशी इंग्रजीत बोलतो. जेवायला खाली येतो तेव्हा डोळे लाल आणि मान आखडलेली. माझ्याशी बोलणं म्हणजे 'हं' आणि 'बघतो'. वीस वर्षं बापलेकाचा संसार ह्या दोन शब्दांवर चालला होता.

तर एका रविवारी काय बघतो? महेश ओट्यावर बसलाय. पालिकेवाल्यांनी छाटून टाकलेली कडुनिंबाची फांदी हातात, दुसऱ्या हातात छोटी सुरी, आणि मांडीवर ढलप्या. मला म्हणाला, "बाबा, हे कुठून तासू? सुरी सारखी अडकते."

तुम्हाला वाटेल, ह्यात काय मोठं? अहो, ह्या पोराने दहावीनंतर मला काही विचारलं नव्हतं. मी शेजारी बसलो. उलटा तासतोयस म्हटलं, लाकूड फिरव. त्याने फिरवलं, आणि सुरी लोण्यातून जावी तशी गेली. तो हसला. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, हे होणार काय? तर म्हणे, चमचा. मी म्हटलं, का, घरातले संपले? तर म्हणाला, कशासाठी नाही, असंच. बरं वाटतं.

असंच! मी आयुष्यात असंच एकही खिळा ठोकला नाही. लाकडाला हात लावायचा तो कुणीतरी मागितलं म्हणून. मागणारा नसताना अडतीस वर्षांचा बाप्या चमचा कशाला कोरेल?

तीन आठवडे तो रोज संध्याकाळी ओट्यावर यायचा. फोन वर ठेवून यायचा. तो कोरायचा, मी चुका काढायचो. बोलणं फार नव्हतं, पण होतं. शेडमधल्या गोष्टी विचारायचा. पहिला चमचा झाला तो बघा, दांडा असा वाकडा की वरण वाढायला गेलात तर शेजारच्याच्या पानात पडेल. मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, फांदीच तशी होती, आणि शर्टाच्या टोकाने पुसून खिडकीत ठेवला.

इथवर सगळं चांगलं होतं. इथेच मला कोणी घरात कोंडायला हवं होतं.

कारण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भर कामाच्या दिवशी पोरगं पाच वाजता खाली येतं. दाढी वाढलीय. बायकोशी हळू आवाजात बोलतं. ह्या कॉम्प्युटरवाल्यांच्या नोकऱ्या जातात हे रोज ऐकतो आपण. मी मनाशी ठरवून टाकलं की ह्याची नोकरी गेली, सकाळचं ते भिंतीशी बोलणं म्हणजे दुसरी शोधणं, आणि हा हाताने काहीतरी शिकतोय, पोटापाण्यासाठी.

आमच्या हिला विचारलं. ती म्हणाली, "अहो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, संध्याकाळी कॉम्प्युटर बंद, हाताने काही तरी करा." मी म्हटलं, झालं, हीसुद्धा सामील. माझ्या ब्लडप्रेशरची काळजी म्हणून लपवतायत.

आता सरळ महेशलाच विचारायचं की नाही? अख्ख्या बडोद्याला तोंडावर बोलणारा माणूस मी. दुधवाल्याला सोडलं नाही, व्याह्याला सोडलं नाही. आणि पोटच्या पोराला एक प्रश्न विचारायला माझी जीभ उचलेना. तो हो म्हणाला तर, ह्या भीतीने.

म्हणून गेलो रमेशभाईकडे. सोसायटीच्या फाटकाजवळ बांकड्यावर आम्ही दोघे रोज बसतो. त्याला म्हटलं, छोकराची नोकरी गेली छे, कुणाला सांगू नको. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगणार नाही म्हणाला. त्याने फक्त घरी सांगितलं. घरी कोकिळाबेन. म्हणजे संपलंच.

पण लोक वाईट नव्हते हो. दुसऱ्या दिवसापासून एकेक जण मला थांबवायला लागला. कोणाला भाखरीसाठी जाड वेलण, म्हणजे लाटणं पाहिजे, कोणाला रोटलीसाठी बारीक, कोणाला ताक घुसळायची रवी, कोणाला कलथा. मला भरून आलं. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळ्यांची नावं लिहून घेतली. वर नमुना हवा म्हणून खिडकीतला तो वाकडा चमचा खिशात घालून दारोदार फिरलो. कोकिळाबेन म्हणाली, ठेवू का? मी उदारपणे म्हटलं, ठेवा की.

संध्याकाळी कॅलेंडर महेशच्या पुढे ठेवलं. तो वाचत राहिला. हे काय, म्हणून त्याने विचारलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, कामाची लाज वाटू देऊ नये. त्याला काही कळलं नाही. म्हाताऱ्याला हौस आली असेल, असं समजून त्याने ते बाजूला ठेवलं.

आणि करायलाही लागला बिचारा! कोकिळाबेन स्वतः ओट्यावर येऊन उभी राहिली तर नाही कसं म्हणणार? पहिलं वेलण दोनदा परत आलं. जरा पातळ हवं, मग फार पातळ झालं. महेश घड्याळ बघून कोरायला लागला. मी शेजारी बसून त्याला म्हणायचो, उरक जरा, पाच नंबरवाले विचारत होते. तो मला काही विचारेनासा झाला. परत 'हं' सुरू झालं. मला वाटलं, काम वाढलं की माणूस असाच होतो.

मग रमेशभाईला आणखी दया आली. त्याच्या साडूचं गावातल्या वाडी भागात फर्निचरचं दुकान आहे. तिथे माणूस पाहिजे होता. ही आनंदाची बातमी द्यायला तो भर दुपारी आमच्याकडे आला आणि मी, मीच त्याला म्हटलं, जा वर, तूच सांग.

महेश तेव्हा वर मीटिंगमध्ये होता. पडद्यावर दहाबारा चौकटी, प्रत्येकीत एक तोंड. रमेशभाईने मागून जाऊन त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाला, "बेटा, हिंमत ना हारतो. आ नोकरी गई तो गई, बीजी तैयार छे. सोमवारथी आवी जा."

त्या चौकटींत त्याचा साहेब होता. साहेब अहमदाबादचा निघाला. शब्द न् शब्द कळला त्याला.

साहेबाला वाटलं, हा दुसरीकडे चाललाय आणि आपल्याला सांगत नाही. म्हणजे बघा, न गेलेली नोकरी मी खरोखर घालवत आणली होती. तासभर वरून महेशचा आवाज येत होता, समजावणीचा. रमेशभाई खाली पाण्याचा पेला घेऊन नुसता बसला होता. आमची ही माझ्याकडे बघत होती. 

महेश खाली आला. तो ओरडेल म्हणून मी तयार बसलो होतो. ओरडण्याला माझ्याकडे उत्तर असतं. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बाबा, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

एवढंच. 

नोकरी वाचली. साहेब हसला म्हणे शेवटी. पण हसता हसता त्याने विचारलं, तू खरंच लाकडाचे चमचे करतोस? मग आपल्या सगळ्या टीमला दिवाळीत तेच देऊ. आणि तिथल्या तिथे ते काम कॉम्प्युटरमध्ये चढवलं, महेशच्या नावापुढे, तारखेसकट. डॉक्टरने ज्या गोष्टीपासून लांब जायला सांगितलं होतं, त्या गोष्टीच्या पोटात मी त्याचा चमचा नेऊन घातला.

त्या दिवशी महेशने सुरी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. पहिला चमचा कुठेय, एवढंच विचारलं. मी कोकिळाबेनकडे धावलो. ती खिचडी ढवळत होती, त्याच चमच्याने. कडा जळलेली, हळदीने पिवळा. फार छान चालतो म्हणाली. धुऊन आणला. महेशने उलटसुलट करून पाहिला आणि स्वयंपाकघरात झाऱ्याशेजारी उभा करून ठेवला. राग नाही, काही नाही. नुसता ठेवला.

राहिलेली वेलणं, रव्या आणि साहेबाचे चमचे आता मी करतो. कोणी सांगितलं नाही, पण कॅलेंडरवर अक्षर माझं आहे.  संध्याकाळी ओट्यावर मी एकटाच असतो.

महेशने दुसरं काहीतरी धरलंय. रविवारी सकाळी कापडी पिशवी घेऊन स्कूटरवर जातो, दुपारी येतो. हात काळे, तोंड खुललेलं. काय करतो, कुठे जातो, मला माहीत नाही. हिला माहीत आहे, सुनेला माहीत आहे. विचारलं की दोघी भाजी निवडायला लागतात.

परवा बांकड्यावर रमेशभाईजवळ रडगाणं गायलो. म्हटलं, बघ ना, पोरगा जातो कुठे, बापाला पत्ता नाही.

रमेशभाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "मने खबर छे, भाऊ. पण महेशे ना पाडी छे, तमने नहीं कहेवानुं."